साठे साहेबांचा व्हेरियन्स

सणसवाडीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. तिथं मशीनला लागणाऱ्या लोखंडी पिना कमी आणि किस्से जास्त तयार व्हायचे! त्यातले निम्मे तरी नव्वदच्या दशकाच्या शेवटी झालेल्या एका ट्रेनिंगचे.

कंपनीला क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून पुण्याहून साठे साहेब शिकवायला आले. आल्या आल्या म्हणाले, “सरासरी फसवते!” आम्ही माना डोलावल्या. आमच्या मॅनेजरना मात्र ते पटेना. नुकताच त्यांचा पंचवीस एमएमच्या पिनांचा लॉट परत आला होता. निम्म्या चोवीसच्या, निम्म्या सव्वीसच्या! ते गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होते, “अहो, अ‍ॅव्हरेज काढून तर बघा!”

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मॅनेजरनाच फळ्यापाशी बोलावलं. प्रत्येक पिनेचा सरासरीपासूनचा फरक काढा, बेरीज करा. बेरीज आली शून्य. मॅनेजर खूश! “म्हणजे आपल्या मालात फरकच नाही!”

लेथवरचे आप्पा कोकरे मागून म्हणाले, “अधिकानं उण्याला खाल्लं, सायेब. फरक कुठं गेला? तितंच हाय की.”

साठे साहेब आनंदानं ओरडले, “म्हणूनच फरकांचा वर्ग करायचा, म्हणजे उणे काही उरतच नाही! सगळ्या वर्गांची सरासरी म्हणजे व्हेरियन्स!” मॅनेजरनी ते वहीत लिहून घेतलं आणि आप्पांकडे रागानं पाहिलं.

*

तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं वीस पिना मोजून कागद द्यायचा होता. पाबळच्या बबनचा व्हेरियन्स शून्य! साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मग विचारलं, “कसं जमवलंस?”

“एकच मोजली, सायेब. बाकीच्या तिच्यावानीच हायेत!”

*

शेवटच्या दिवशी मात्र हसू येत नव्हतं. पर्मनंटची एकच जागा निघाली होती आणि आप्पा सात वर्षं टेम्पररी. ती त्यांनाच मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. साठे साहेबांनी नियम केला: एकाच लेथवर प्रत्येकानं दहा पिना काढायच्या, ज्याचा व्हेरियन्स सगळ्यात कमी, त्याला ती जागा.

आप्पांच्या पिना साहेबांनी स्वतः मोजल्या. दहाच्या दहा चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. व्हेरियन्स शून्य! पण पंचवीसला फरक चालायचा फक्त पॉइंट शून्य एकचा, म्हणजे दहाच्या दहा रिजेक्ट.

मॅनेजरचा चेहरा खुलला. “एकही पीन बरोबर नाही. असल्याला पर्मनंट करायचं?”

साठे साहेब कडाडले, “आप्पा, या मशीनचं सेटिंग कुणी केलं?”

आप्पांनी कापडाला हात पुसले.

“सकाळी तुमीच केलं की, सायेब. आन् वर सांगितलं, कुणी हात लावायचा न्हाई.”