डबकेवाल्या बाई

पांझरेकाठचं डबकं दिसलं की आमच्या शास्त्राच्या बाईंचे पाय थांबायचेच. पदर खोचून त्या बाटलीत हिरवट पाणी भरायच्या आणि तीर्थासारखं जपत शाळेत आणायच्या. सगळं धुळं त्यांना डबकेवाल्या बाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं, हसायच्या नुसत्या.

काही विचारलं की, ‘आधी बघ, मग विचार,’ म्हणत भिंग हातात द्यायच्या. ‘काहीच दिसत नाही बाई,’ म्हटलं तर, ‘घाई कसली? गाडी चुकतेय का तुझी?’ बोलायच्या अशा, पण खांद्यावरचा हात काढायच्या नाहीत.

मुलींना प्रजननाचा धडा शिकवायचा नाही, असं शाळेच्या कमिटीनं बजावलं होतं. अध्यक्ष माझेच वडील, आबा. बाईंनी मग हायड्रा घेतला. दोऱ्याच्या तुकड्याएवढा पाण्यातला जीव. त्याच्या अंगावर कोंब फुटतो, कोंबाला तोंड येतं, मग तो सुटून आपला आपण जगतो. ‘यात नर नको, मादी नको. आता कोण रागावणार?’ बाई खुशीत होत्या. भोळीच हो!

दोन दिवसांत गावभर झालं, की बिनलग्नाची मास्तरीण पोरींना बापाशिवाय लेकरू होतं म्हणून शिकवते. आबांनी घर डोक्यावर घेतलं. माझ्या डोक्यात तर तिडीकच गेली. अहो, हायड्राचं काय लग्न लावायचं होतं? पण आबांपुढे बोलायची छाती कुणाची? बाईंना निरोप गेला: शिकवलं ते खोटं होतं असं वर्गात सांगा, नाहीतर नोकरी सोडा. बाईंच्या घरी आंधळी आई, कमावणारं दुसरं कुणी नाही.

आबा स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंनी खडू उचलला.

‘मुलींनो, मागच्या तासाला मी शिकवलं ते...’ त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. ‘ते खरं आहे. मला दुसरं सांगवत नाही.’

खडू टेबलावर ठेवून त्या आबांच्या शेजारून निघून गेल्या. मायलेकी नरडाण्याकडे गेल्या म्हणे. पुढे त्यांचं काय झालं, देव जाणे.

त्या संध्याकाळी आबा ताटावर बसले. ‘गेली एकदाची पीडा,’ म्हणाले. माय भाकरी वाढत होती. त्यांच्यासमोर तिनं जन्मात कधी ब्र काढला नव्हता. ती माझ्याकडे वळली.

‘बाईनी सांगं ते खरं शे का वं?’

‘खरं शे, माय.’

तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली आणि आबांकडे पाहिलं.

‘मंग तुम्हीन तिले का बर काढं?’