मीठवाल्या आईचा बहिष्कार

मीठवाल्या आईच्या घरात मीठ कधी संपलं नाही. तेल संपायचं, साखर संपायची, महिनाअखेरीला गॅसही दगा द्यायचा. पण ओट्यावर मिठाची एक बरणी, फळीवर दुसरी आणि पलंगाखाली जाड्या मिठाची पिशवी कायम असायची. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीत मीठ संपलं तर दुकानात जायची पद्धतच नव्हती. वाटी घेऊन आईकडे जायचं. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, असं आम्हा बौद्धांतल्याही काही बायका मानायच्या. आई मुद्दाम वाटी बाजूला सारून मूठभर मीठ हातावरच ठेवायची आणि म्हणायची, "घे. आता भांड बघू माझ्याशी." भांडणं काय, आमची व्हायचीच. त्यासाठी मिठाची गरज नव्हती.

तिचं खरं नाव सगुणाबाई. ते रेशनकार्डापुरतं. आमच्या गल्लीत मूल झालं की बाईचं नाव मागं पडतं. मी तनूची आई, समोरची सुजाता ओमची आई. ही मात्र सगळ्यांचीच आई. मुलगा बदलापूरला ब्लॉक घेऊन गेला, सून चांगली, नातवंडं गोड, तरी ही जाईना. "तिथं नळ फिरवला की पानी येतं," ती तक्रारीच्या सुरात सांगायची. "मंग दिवसभर बोलायचं कुनाशी?"

त्यात तथ्य होतं. आमच्याकडे पाण्याला वेळ नाही. जांभूळच्या पाणी केंद्रात वीज गेली, कुठं पाइप फुटला, की पाणी कधी भल्या पहाटे येणार, कधी भर दुपारी. त्यामुळे जिच्या नळाला पहिल्यांदा फुसफुस होईल तिनं बाहेर पडून सगळ्यांची दारं वाजवायची, "पाणी आलं गं!" हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. दोघींचं आठ दिवस बोलणं बंद असलं तरी दार वाजायचं. आई तर काठीनं वाजवायची. तिची काठी पडली की दाराचा रंग उडायचा, आणि वर तीच म्हणायची, "केवढं पातळ दार हाय तुझं!"

मिठाचं कारण तिनं मला एकदा सांगितलं, तेही मी तिच्या आमटीला नावं ठेवली म्हणून. आमटी खारट असायचीच. तिच्या हाताला माप नव्हतं. "बिनमिठाचं खाल्लंयस का कधी?" तिनं विचारलं. तिच्या वडिलांनी सोलापूरकडच्या गावात गायरानाचा तुकडा कसायला घेतला होता. दगड वेचून जमीन केली, पहिलं पीक डोळ्यांत भरलं, आणि गावाच्या डोळ्यांत खुपलं. गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. "गिरनीवाला दळन घेईना. चालतंय, आईनं जात्यावर दळलं. पन मीठ जात्यावर दळता येतं का? दुकानदार पाठ फिरवून बसायचा. मी तुझ्या तनूएवढी. बिनमिठाची भाकर दोन दिस जाते गं. मंग गिळवत नाय." शेवटी गावानं उभ्या पिकात जनावरं सोडली आणि वडील सगळ्यांना घेऊन अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात आले. ते गाव तिनं पुन्हा पाहिलं नाही.

अशा बाईला मी मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. उन्हाळ्याची दुपार होती, आम्ही विहाराच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पॅलेस्टाईनमधली एक म्हातारी, डोक्यावरून रुमाल घेतलेली, झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसली होती, सैनिक तिला ओढत होते आणि मागे झाडं उपटायचं मशीन उभं होतं. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"झाड कसलं हाय?"

"ऑलिव्हचं. फळांचं तेल काढतात."

"आपल्या करडईवानी?"

"तसंच समज."

"मंग तिला वढतायत कशाला?"

"तिची जमीन घेतायत, आई."

"परत लाव," ती म्हणाली. मी परत लावला. तिनं तो किती वेळा पाहिला कुणास ठाऊक; माझी बॅटरी उतरत आली. मग फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "जमीन गेली की नुसती जमीन नाय जात. पत्ता जातो. लोक इचारतात, तुमी मूळचे कुठले? आन् तोंडाला कुलूप लागतं."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळात तोच विषय निघाला. सुजाता मंडळाची सचिव, हुशार आणि तडफदार. तिच्या फोनवर कुठून तरी, ती जमीन घेणाऱ्यांना साथ देणाऱ्या कंपन्यांवरच्या बहिष्काराचा निरोप आला होता आणि त्यात साबणापासून चॉकलेटपर्यंत मालाची मारुतीच्या शेपटासारखी रांग होती. कोणती कंपनी खरी गुंतलेली, कोणती उगाच घुसडलेली, यावर अर्धा तास गेला. मग एकजण म्हणाली, "पण आपला काय संबंध? ते कुठले कोण, आपल्या जातीचे ना धर्माचे."

आई भिंतीला टेकून बसली होती. "आमचं मीठ बंद झालं तवा सगळं गाव हेच म्हनलं. आपला काय संबंध. एका घरानं जरी म्हनलं असतं, यांना मीठ नाय तर आज आमी बी नाय खात, तर माझ्या बापानं गाव सोडलं नसतं. लढला असता तो."

पुढचंही आईनंच ठरवलं. "एवढं सगळं सोडाल तर पंधरा दिसांत सगळं परत धराल. एकच धरा, पन सुटू देऊ नका." असा तो थंडा ठरला, बाटलीतला, फसफसणारा, पोरं ज्यासाठी जमिनीवर लोळतात तो. उठताना तिनं एक अट घातली. "मालावर टाका. मानसावर नाय. दुकानदाराशी वाकडं बोलायचं नाय." सगळ्यांनी माना हलवल्या.

गल्लीच्या तोंडाशी ज्याचं दुकान होतं त्या सिंधी सेठचं घर उल्हासनगर कॅम्पात. त्यानं आईला छेडलं, "माई, हमारा भी तो सब उधर सिंध में रह गया. हमने किसका बॉयकॉट किया?" आई म्हणाली, "म्हनून तर मीठ तुझ्याकडूनच घेते." तो हसला आणि फ्रिजमधल्या थंड्याच्या बाटल्या मागच्या रांगेत सारल्या. धंदा तो शेवटी धंदा. विकायचा त्यानं थांबवला नाही.

पोरांना पटवणं हे खरं कष्टाचं काम. दिवसभर ऑफिस, वर घर, वर कार्टीचं भोकाड. आई लिंबू सरबत करायची आणि त्यात मीठ असं घालायची की तनू म्हणायची, "आजी, हा समुद्र आहे." तरी उन्हाळाभर आम्ही आया टिकलो. मला खरंच अभिमान वाटायचा. ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही, हसले असते.

मोडलं ते दुसरीकडेच. गल्लीत परीची आई राहायची, रेश्मा. नवरा बरेच महिने घरी बसून होता, आणि नेमकी त्याच वेळी त्याला नोकरी लागली ती थंड्याच्या एजन्सीचा टेम्पो चालवायची. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राही, अंगावर माणसाएवढी बाटली रंगवलेली. आधी चेष्टा झाली, मग टोमणे. सुजाता म्हणाली, "आपण पोरांना रडवायचं आणि हिचं घर त्याच्यावरच चालायचं!" नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं झालं. रेश्मा हसली तरी खुपायला लागलं, नाही हसली तरी. आणि कधीतरी पाणी आल्यावर तिचं दार वाजायचं बंद झालं. ठरवलं कुणीच नाही. तिच्या दारापुढून बायकांची पावलं जरा वेगात पडायला लागली, एवढंच.

आई तेव्हा मोतीबिंदूसाठी मुलाकडे बदलापूरला होती. काळा चष्मा लावून परत आली त्या दुपारी, रविवार होता म्हणून मीही घरी होते. रेश्मा कारखान्याच्या गेटवरच्या टाकीतून हंडा भरून येत होती, मागून छोटी परी कळशी सांडत.

"सकाळी पानी नव्हतं आलं का?" आईनं विचारलं.

"आलं होतं, आई. मला झोप लागते. ऐकू नाय येत."

"तुला? तू तर माझ्या काठीच्या आधी उठायची."

रेश्मानं जड हंडा सावरला आणि ती चालू लागली. आई मात्र उन्हात तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "किती दिस?" मी जे माहीत होतं ते सांगितलं. तिचा चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवला आहे. चिडली नव्हती ती. एकदम थकलेली दिसली.

चार दिवसांनी परीचा वाढदिवस होता. रेश्मानं सगळ्या गल्लीला बोलावलं होतं आणि कुणीच जाणार नव्हतं, कारण तिथे क्रेटभर थंडा असणार हे उघड होतं. संध्याकाळी आई माझ्या दारात आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "चल." घरात फुगे लावलेले, वेफर्सच्या कागदी डिश मांडून ठेवलेल्या, आणि पाहुण्यांत आम्ही दोघी नि तनू. परी फ्रॉक घालून दाराकडे बघत बसलेली. केक कापला. रेश्मानं आईसाठी चहा ठेवायला घेतला तेव्हा आई म्हणाली, "चहा नको. सगळ्यांना काय देनार व्हतीस ते दे."

"आई, तो... तुम्ही पीत नाही ना."

"दे म्हनते ना."

प्लास्टिकचा ग्लास आला, काळा, फसफसता. आईनं दार सताड उघडं ठेवायला लावलं, उंबऱ्यापाशी खुर्ची ओढली आणि सगळ्या गल्लीदेखत ती तो ग्लास तळापर्यंत प्यायली. प्रत्येक घोटाला तोंड वाकडं होत होतं. शेवटी दणदणीत ढेकर दिला. परी खुदकन हसली, आणि रेश्मा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मलाही रडू येत होतं.

रविवारी विहारात सुजातानं स्पष्ट विचारलं, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. "आई, तुम्हीच सांगितलंत सुटू देऊ नका, आणि तुम्हीच सोडलंत?"

"व्हय, सोडलं," आई म्हणाली. "त्या लांबच्या बाईसाठी थंडा सोडला व्हता. हितं दारातल्या बाईसाठी तो प्यावा लागला. तुमी मला प्यायला लावला. आमचं बी दार असंच वाजायचं बंद झालं व्हतं, सुजाता. तुझ्या आज्याचं बी झालं असल. घरी जाऊन इचार."

दुसऱ्या दिवशीपासून पाणी आलं की पहिली काठी रेश्माच्या दारावर पडू लागली. हळूहळू इतरांचे हातही पडू लागले. पण बहिष्कार काही सावरला नाही. आईच प्यायली ना, म्हणून निम्म्या घरांत बाटल्या आल्या. उरलेल्या निम्म्या घरांत आईवरच्या रागानं आल्या. आईनं पुन्हा तोंडाला लावला नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगायचंही सोडून दिलं. एकदा मला म्हणाली, "दोन्ही हातांत धरायला गेले. एक सांडलं." मी म्हटलं, "तुझी चूक नाही, आई." ती म्हणाली, "मला ठाव हाय. पन सांडलं ना."

मग आम्हीही बदलापूरच्या बेलवलीला फ्लॅट घेतला. इथे बटण दाबलं की पाणी चढतं, आणि शेजारीण कोण ते मला दोन महिने माहीत नव्हतं. आईचे फोन यायचे. शेवटचा प्रश्न ठरलेला, "त्या झाडवालीचं काय झालं गं?" मला माहीत नसायचं. बातम्या तशाच होत्या, मशीनं तशीच होती. आमच्या थंडा न पिण्यानं तिथलं एक झाडही वाचलं नसेल, हे मला कळतं. मी म्हणायचे, "बसली आहे, आई. उठली नाही अजून." आई म्हणायची, "बसू दे."

या हिवाळ्यात आई गेली. जलदान विधीसाठी गल्लीतच मांडव घातला होता. खुर्च्या आल्या त्या रेश्माच्या नवऱ्याच्या टेम्पोतून. बाटली रंगवलेला तो टेम्पो मांडवाशेजारी उभा होता आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सुजातानं पातेलंभर लिंबू सरबत केलं होतं, आईच्याच बरणीतलं मीठ घालून. खारट झालं होतं. सगळे मुकाट्यानं प्यायले.

बौद्धाचार्य गाथा म्हणत होते, आम्ही हात जोडून बसलो होतो, आणि मध्येच कुठल्याशा नळाला फुसफुस झाली. भर दुपारी पाणी आलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अशा वेळी उठायचं कसं? तेवढ्यात रेश्मा उठली. आईच्या फोटोशेजारी टेकवून ठेवलेली काठी तिनं उचलली आणि मांडवाबाहेर जाऊन दारं वाजवत निघाली, घरात कुणी आजारी, कुणी अभ्यासाला बसलेलं, त्यांच्यासाठी. "पाणी आलं गं! पाणी आलं!" सुजाताचं दार वाजलं, आमच्या जुन्या खोलीचं वाजलं. बौद्धाचार्य क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. आईचं घर गल्लीच्या टोकाला. तिथे कुणी नव्हतं, कुलूप होतं, आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. रेश्मा तिथवर गेली, जरा थबकली, आणि तेही दार तिनं वाजवलं.