वाघ ओळखणारा कॅमेरा आणि आमची ग्रामसभा

मी अंगणवाडीत शिकवते. आमच्या गावाला तीन बाजूंनी जंगल आहे आणि चौथ्या बाजूनं मूल या तालुक्याच्या गावाकडे जाणारी सडक. तीनेक वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या दिवसांआधी, नागपूरच्या एका कंपनीची माणसं आली आणि जंगलाच्या कडेला पाच खांबांवर कॅमेरे लावून गेली. त्यामागचं यंत्र वाघ ओळखतं म्हणे. वाघ दिसला की गावात भोंगा वाजणार आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर फोटो जाणार. आम्हाला बरंच वाटलं. आदल्या वर्षी सरपणाला गेलेला आमच्या आळीतला एक माणूस परत आला नव्हता.

मोहफुलं पडायला लागली आणि भोंगा रोज सकाळी वाजू लागला. पहिल्या दिवशी मी मुलांना आत घेऊन दार लावलं आणि तासभर गाणी म्हणवून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. आठवड्याभरात भोंग्याकडे कोणी मान वळवून पाहीना. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मग एका सकाळी मोहाच्या झाडांजवळचा कॅमेरा बंद पडला. वनरक्षक पाहायला गेला, तर कॅमेऱ्यावर दुपट्टा गुंडाळून पक्की गाठ मारलेली. दुपट्टा कोणाचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. परत न आलेल्या त्या माणसाची बायको, आमच्या सगळ्यांची मावशी, तिचा तो होता.

"मावशी, असं केलं त केस होते," वनरक्षक म्हणाला.

"कर केस. पन आधी ग्रामसभा बलाव आन त्या कॅमेरेवाल्याले बी बलाव."

सरपंचबाईंनी ग्रामसभा बोलावली. ग्रामसेवकाची बदली झालेली, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीकडून एक इंजिनीअर आला होता, पंचविशीतला, सडपातळ. त्यानं लॅपटॉप जोडून समाजमंदिराच्या भिंतीवर फोटो दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्याच फोटोत झाडाखाली ओणवी होऊन फुलं वेचणारी एक बाई होती. तिच्याभोवती लाल चौकट आणि वर लिहिलेलं, वाघ. आधी सगळे हसले. पाठमोरी बाई म्हणजे मावशीच, हे ध्यानात आलं तसं हसू थांबलं.

"ओणवा माणूस यंत्राला चार पायांचा वाटतो," इंजिनीअर म्हणाला. "ते अजून शिकतंय."

मावशी उठून उभी राहिली. "हा फोटो कोनं कोनं पाह्यला?"

त्याला टाळता आलं असतं. त्यानं टाळलं नाही. "यंत्राला शंका आली की फोटो आमच्या ऑफिसात येतो. तिथं चौघं बसतात, ते तपासतात."

"मान्सं का बाया?"

"तीन पुरुष, एक बाई."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पहाटे त्या वाटेनं आम्ही सगळ्याच जात होतो, आणि फक्त फुलं वेचायलाच जात होतो असंही नाही.

"वाघानं माहा मानूस नेला," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "यंत्र नको असं मी म्हनत नाई. पन मी ओनवी आहो का उभी आहो, हे नागपुरात बसून कोनी काऊन पाहावं? आन कॅमेरा इथीच लावाचा, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"नकाशा पाहून ठरवलं."

"आमाले काऊन नाई इचारलं?"

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "विचारायला पाहिजे होतं." मी ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं.

त्यानंतर खडू आला आणि समाजमंदिराच्या फरशीवर बाया नकाशा काढायला बसल्या. वाघ नाल्याच्या काठानं येतो, तलावाच्या पाळीवरून उतरतो, गोठ्यांच्या मागून जातो. मोहाकडच्या वाटेनं तो क्वचितच येतो, कारण तिथं सकाळभर बायांची वर्दळ. इंजिनीअर पँट सावरत फरशीवर बसला आणि एकेक जागा लिहून घेत गेला. दोन कॅमेरे हलवायचे ठरले. माणसाचा फोटो त्याच दिवशी पुसायचा आणि शंकेचे फोटो आधी गावातच, आमच्यापैकी दोघींनी पाहायचे. कॅमेरे ठेवायचे की काढायचे, हे दरवर्षी ग्रामसभाच ठरवणार, असंही ठरावात आलं. तो म्हणाला, "सगळं माझ्या हातात नाही, विचारून सांगतो." महिनाभरानं परत आला. वाघाचे फोटो मात्र कंपनीला ठेवावे लागतील, त्याशिवाय यंत्र शिकणार नाही, असं त्यानं सांगितलं. आम्ही ते मान्य केलं. बाकीचं त्यांनी मान्य केलं.

तेव्हापासून मुलं घरी गेली की दुपारी मी आणि मावशी पंचायतीच्या संगणकापुढे बसतो. फोटो पाहायचा आणि वाघ, बिबट, डुक्कर, बैल, माणूस, इतर, यांतलं एक बटण दाबायचं. मावशीला अक्षर येत नाही, पण अंधुक फोटोतली शेपटी पाहून ती जनावर सांगते.

"हा वाघ नोहे, पोरी. रोही हाये. मान पाह्य ना." रोही म्हणजे आमच्याकडे नीलगाय.

इंजिनीअरनं तिची उत्तरं तपासून पाहिली आणि पुढच्या वेळी यंत्राला शिकवायचे जुने फोटोही तिला दाखवायला पेनड्राइव्हमध्ये भरून घेऊन आला. यंत्र आता ओणव्या बाईला वाघ म्हणत नाही. कधीमधी म्हशीला म्हणतं. भोंग्याच्या जागी सरपंचबाईंच्या आवाजात आमच्याच बोलीत सूचना येते, वाघ कोणत्या बाजूला आहे तेही सांगते, आणि लोक ऐकतात. मागच्या थंडीत पाळीवर वाघ आला तेव्हा तलावावरच्या बाया वेळेत घरी आल्या. त्या दिवशी मावशीनं माझ्याकडे बसून दोन कप चहा घेतला.

यंदा शेजारच्या गावात कॅमेरे येणार होते. तिथल्या चार बाया आमचा ठराव मागायला आल्या. मी नक्कल दिली. महिन्यानं त्यांचा ठराव पाहायला मिळाला. आमच्या दोन अटी त्यांनी काढल्या होत्या आणि एक नवी घातली होती: कॅमेरा लावण्याआधी कंपनीच्या माणसानं गावच्या बायांबरोबर एक सकाळ जंगलात फिरावं. मावशीला मी ती वाचून दाखवली.

"हे आपल्याले नाई सुचलं," ती म्हणाली. "लिव आपल्यात बी."

पुढच्या ग्रामसभेच्या विषयांत मी ते लिहून टाकलं.