बिनहॅण्डलची व्हॅन

लढाई संपली आणि पुण्याकडच्या लष्करी डेपोत मोटारसायकलींचे ढीग लागले. खाकी रंगाच्या, कुठल्या कुठल्या मुलखाच्या चिखलासकट. त्या लिलावात घ्यायच्या, सांगलीला आणायच्या, दुरुस्त करून काळा रंग मारायचा आणि विकायच्या, असा माझ्या मालकांचा धंदा होता. त्यातला 'आणायच्या' एवढाच भाग माझा. मालक बोली करून रेल्वेने परत येत. मी मागे राहून एकेक गाडी चालवत आणी. एक सांगलीत टेकवली की मिरजेहून परत पुणं, की दुसरी. खंबाटकीच्या घाटातले दगड मला तोंडओळखीचे झाले होते.

हे काम सोडून मला काही येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. हाताला पान्याचं वळणच नव्हतं. मी नट आवळला की एक तर तो सुटायचा, नाही तर त्याचे आटे जायचे. मालकांनी दोनदा शिकवून पाहिलं, तिसऱ्यांदा पाना माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "तू आपला रस्त्यावरच बरा."

शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे काय, मेंढरं घाटाखाली उतरली, मेंढरांमागं घर गेलं आणि घरामागं मी. आमचं गाव माणदेशात, म्हसवडच्या पलीकडं. पण गावात आम्ही पावसाळ्यापुरते. एरवी आमचं घर चालत असे. लोकर विकायला निघालेल्या चुलत्याबरोबर मी सांगलीला आलो आणि राहिलो. दुसरी पोरं म्हणायची, नोकरी गेली तर घरी जाऊ. मला आधी घर कुठं पोचलंय ते विचारत हिंडावं लागलं असतं.

मालकांचा उजवा गुडघा वाकत नसे. कधी काळी त्यावर गाडी पडली होती. त्यामुळे त्यांना किक मारता येत नव्हती आणि त्यामुळे मी होतो. मी पहिल्यांदा अनवाणी किक मारली तेव्हा टाच फुटली. दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतःचे बूट माझ्यापुढे टाकले. "मला आता काय करायचेत," म्हणाले. ते मला मोठे होत. पुढे चिंध्या कोंबून मी घालायचो. मालकीणबाई मला दोन्ही वेळा जेवायला वाढायच्या. भाकरी किती खाल्ल्या ते कोणी पाहत नसे, आणि आमच्याकडं ही मोठी गोष्ट असते.

घोटाळा झाला तो पेट्रोलपायी. पेट्रोल कुपनावर मिळे, आणि एकेक मोटारसायकल स्वतःच्या चाकांवर आणायची तर कुपनं पुरेनात. एके दिवशी जेवताना मालक म्हणाले, "एखादी जुनी व्हॅन बघतो. चार गाड्या एका खेपेत येतील."

"आणि चालवणार कोण?" मालकीणबाई.

"मीच. पाय लांब करून बसायला मिळालं म्हणजे झालं. गाड्या चढवायला डेपोत हमाल आहेत, उतरवायला इथं पेठेत आहेत."

"मग ह्याला काय काम?"

हा म्हणजे मी. बाईंनी वाईट म्हणून विचारलं नव्हतं. विचारता विचारता त्यांनी मला आमटीही वाढली. मालक ताटाकडे बघत जेवत राहिले. मी त्या दिवशी एक भाकरी कमी खाल्ली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

व्हॅन बघायला मात्र मालकांनी मलाच बरोबर घेतलं. गाड्या आत बसतील की नाही हे मला कळेल, असं त्यांना वाटलं. मी माझी मेंढरामागची काठी घेतली. तिच्यावर दोन खाचा पाडल्या. एक मोटारसायकलच्या उंचीची, एक शिंगांच्या रुंदीची. गाडीच्या मुठींना आम्ही शिंगंच म्हणायचो. लांबीचं माप मी पावलांनी घेणार होतो. माझं काम संपवणारी वस्तू नीट मापून घ्यायची होती, आणि माप चुकू नये याची मला फार काळजी वाटत होती.

पहिली व्हॅन आष्ट्याला एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे. बाहेरून झकास. आत गेलो तर बूट फळीला चिकटला. वर्षानुवर्षं गूळ पाझरून फळ्या मुरल्या होत्या आणि मुंग्यांनी तिथं गाव वसवलं होतं. मी काठी उभी केली. ती खाचेच्या खालीच छताला टेकली.

"शिंगं अडकतील, मालक."

"वाकडी करून घाला की," व्यापारी म्हणाला. "आमी एवढ्या ढेपा घातल्या, एक बी कुरकुरली न्हाई."

दुसरी साताऱ्याला. लष्करात ती रुग्णांची गाडी होती. उंची बरोबर, रुंदी बरोबर, दारं मागून दोन्ही बाजूंना उघडणारी. पांढऱ्यावरचा लाल क्रूस खरवडला होता, तरी ऊन पडलं की दिसायचा. मालकांनी चालवून बघायला घेतली. पोवई नाक्यापर्यंत गेलो नाही तोच चार जण आडवे झाले. त्यांच्यात एक म्हातारी, एकाच्या पाठगुळी बसलेली.

"आवं थांबा थांबा! देवासारखं आलासा!"

"ही दवाखान्याची गाडी नाही हो," मालक.

"आसं कसं? चिन्न हाय की!"

म्हातारीला दवाखान्यात सोडून आलो. परत फिरेपर्यंत आणखी एक पाय मोडलेला रस्त्यात वाट बघत बसला होता. त्यालाही सोडलं. व्हॅन परत देताना मालक व्हॅनवाल्याला म्हणाले, "गाडी उत्तम आहे. पण हिला स्वतःचा धंदा आहे."

 परतीच्या वाटेवर मालक म्हणाले, "तुला एकही गाडी पसंत पडत नाही की काय रे?"

 आष्ट्याची खरंच बुटकी होती, साताऱ्याची मालकांनीच नाकारली होती. पण मी मुद्दाम खोट काढतोय असं त्यांना वाटलं असेल का? वाटलं असेल तर बूट परत मागतील का? मी म्हणालो, "पडंल, मालक. पुढली पडंल." न बघितलेल्या गाडीला मी होकार देऊन बसलो.

पुढली लोणंदला होती. बाजाराच्या मागं एका म्हाताऱ्याच्या परड्यात, चिंचेखाली. त्याचा मुलगा तिच्यातून कांदा वाहायचा. आता तो विट्याच्या मेहुण्याबरोबर लांब कुठल्याशा शहरात सोनं गाळायच्या दुकानात गेला होता, आणि गाडी चालवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. म्हाताऱ्याने व्हॅनला सावलीत बांधल्यासारखं उभं केलं होतं. पुढच्या चाकांना दगड, बाजूला पाण्याची बादली. बादली कशाला ते मी विचारलं नाही.

काठी आत उभी केली. खाचेच्या वर चार बोटं मोकळी राहिली. आडवी धरली, शिंगं निवांत बसत होती. पावलं टाकली, चार गाड्या एकाआड एक तोंड करून आरामात मावत होत्या. मागची फळी पाडली की आपोआप उतार व्हायचा. फळ्या सागवानी, कोरड्या. कांद्याचा वास होता, पण कांद्याचा वास मोटारसायकलला लागत नाही. मी खाली वाकून बघितलं, वर चढून बघितलं, आणि खोट सापडेना. सापडावी असं वाटलं नाही म्हणालो तर खोटं होईल. पण सापडली नाही.

मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हीच घ्या, मालक. ह्येच्यापरास चांगली मिळायची न्हाई."

मालकांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

म्हाताऱ्याने विचारलं, "कुटल्या गावचं रं तू?"

"म्हसवडाकडचा."

"मेंढरं?"

"व्हय."

"मग तुला सांगाय नको. लय गुणाची हाय. चढाला जरा दम खाऊ द्यायचा, मारायचं न्हाई." मारायचं म्हणजे काय कोण जाणे. मालकांनी बोनेट उघडून इंजिन बघितलं. सेल्फ केव्हाच निकामी होता. बॅटऱ्या तेव्हा मिळायच्या नाहीत, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. अशा गाड्या सगळ्या हॅण्डल मारूनच सुरू व्हायच्या. म्हाताऱ्याने पुढे हॅण्डल लावलं, एक झटका दिला आणि इंजिन लागलं. काही म्हणा, गोड आवाज होता.

पैसे मोजून होईतो इंजिन चालूच राहिलं. मालक पाय लांब करून आत बसले. म्हाताऱ्याची बायको बाहेर आली, बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. म्हाताऱ्याने हॅण्डल काढलं, पटक्याच्या शेवाने पुसलं, घरात नेलं आणि आतल्या खुंटीला अडकवलं. मी दारातून बघितलं. तिथं आधीच दोन जुनी दावी लटकत होती.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे नीट सांगितलं पाहिजे. आमच्याकडं जनावर विकलं की दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं घरात राहतं. दावं गेलं तर दावण मोकळी पडते, पुढचं जनावर लाभत नाही. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. म्हाताऱ्याने हॅण्डल दिलं असतं, तर मलाच त्याच्याबद्दल कसंतरी वाटलं असतं. मी मनात म्हणालो, रीतीचा माणूस आहे. आणि मालकांशेजारी जाऊन बसलो.

वाठारच्या अलीकडे चढ संपवून सपाटीला लागलो आणि पाणी उकळलं. मालकांनी इंजिन बंद केलं. मी ओढ्यावरून पाणी आणलं, ओतलं, झाकण लावलं.

"हं, मार हॅण्डल," मालक म्हणाले.

"हॅण्डल न्हाई."

"नाही? कुठं आहे?"

"त्येंच्या घरात. खुंटीला."

"विसरला म्हातारा?"

"विसरला न्हाई. ठिवलं."

मालकांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "ठेवलं म्हणजे? तू बघितलंस?"

"व्हय."

"आणि बोलला नाहीस?"

"आता दावं कोन देतं, मालक?"

मग मी त्यांना रीत सांगितली. मालक सांगली शहरातले, त्यांच्या घरात गाय नव्हती, मांजरही नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्येच गावात परत जायचं का विचारलं. मी म्हणालो, जाऊन उपयोग नाही, मागितलं तर त्याला वाईट वाटेल. मालक स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "बरं. ढकल."

बूट मोठे असल्याने मागे सरकत होते. मी ढकलत होतो आणि व्हॅन बघत होती. तेवढ्यात बैलगाडीवाले दोघं आले.

"काय पाव्हणं, गाडी हाकताय का शेकताय?"

"हात लावा की, गड्या."

"लावतो, पर ही कुणाची म्हनायची? बसल्याची का ढकलल्याची?"

त्यांनी हात लावला. व्हॅन लागली. मी पळत जाऊन चढलो. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मालकांनी आधी उतार शोधला. कराडला उतार मिळाला नाही, तिथं शाळेच्या मास्तरांनी ढकललं. सांगलीत पोचलो तेव्हा मालकीणबाई दारात आल्या, व्हॅनभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. कांद्याचा वास येतो."

"जाईल," मालक म्हणाले. "हिला मागून माणूस लागतो. हा येईल बरोबर."

बाईंनी "बरं" म्हटलं आणि आत गेल्या. पुढच्या खेपेच्या सकाळी ओट्यावर शिदोरीची दोन गाठोडी होती. मी दोन्ही व्हॅनमध्ये नेऊन ठेवली.

त्यानंतर मी किती ढकललं त्याचा हिशोब नाही. चार मोटारसायकली भरलेली व्हॅन एकट्याने हलत नाही, पण वाटेत कोणी ना कोणी मिळे, आणि मला आता लोकांना हाक मारायची सवय झाली होती. पण मनात एक खुटखुट राहिली. हॅण्डल म्हणजे काय, तीन ठिकाणी वाकवलेली लोखंडी कांब. लोहाराने सकाळी सुरू केलं तर दुपारच्या आत होतं. मालक स्वतः मिस्त्री. त्यांना हे माहीत नसेल कसं? ज्याचं मीठ खातो त्याला एवढं सांगितलं नाही तर बरं नाही. सांगितलं तर माझं काय? आठ-पंधरा दिवस मी यातच होतो. शेवटी एकदा म्हणून टाकलं, "मालक, लोहाराकडनं हॅण्डल करून आनू का?"

मालक कार्बुरेटर धूत होते. मान वर न करता म्हणाले, "लोहाराला सध्या फार काम आहे."

लोहाराचं दुकान समोरच होतं. तो बाहेर बाजेवर झोपला होता.

पुढे एकदा मिरजेच्या भंगारबाजारात गेलो. लष्कराच्या मालातली हॅण्डलं एका गोणपाटावर रास घालून मांडली होती. मालकांनी एक उचललं. त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं, वीतभर माप घेतलं, डोळ्यासमोर धरून वाक बघितला. आमच्याच व्हॅनच्या कंपनीचं होतं. वरची खूण मलाही ओळखू येत होती.

"घ्या की साहेब, कोरं हाय," दुकानदार म्हणाला.

"आमच्या गाडीला बसत नाही," मालक म्हणाले. त्यांनी ते राशीवर परत ठेवलं आणि दोन स्पोक घेतले.

 बोलण्यासारखं खूप होतं, पण तेवढं मराठी चौथीत शिकवत नव्हते. व्हॅन आम्ही चांगल्या उतारावर लावली होती. ब्रेक सोडला की ती आपोआप लागली असती. मालक पाय लांब करून आत बसले. मी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि मागे जाऊन दोन्ही हात फळीला लावून उभा राहिलो.