एकविसावं पान

इथे माळव्यात, माधव नगरात आमच्या शेजारी भय्यासाहेब राहतात. त्यांचे खापरपणजोबा शिंद्यांच्या दरबारात कारकून होते. कारकूनच, दिवाण नव्हे. पण भय्यासाहेबांच्या बोलण्यात ते दर गणपतीला एकेक पायरी वर चढतात. मी बँकेच्या बदलीने नाशिकहून इथे आलो आणि इथलाच झालो, तरी त्यांच्या लेखी अजून बाहेरचाच. या गृहस्थाने जन्मात एक रोप लावलेलं नाही. रोज पहाटे पिशवी घेऊन निघायचं आणि लोकांच्या कुंपणावरची फुलं खुडायची, ही त्यांची भक्ती. कुणी हटकलं तर म्हणतात, "भगवान के लिए ले रहे हैं भई." देवाचं नाव घेतलं की चोरीचं पुण्य होतं, असा त्यांचा पक्का समज आहे.

त्यांचा सगळा तोरा गणपतीच्या पत्रीवर. एकवीस झाडांची पानं वाहायची असतात. बाकीची घरं फ्रीगंजच्या बाजारातून मिळेल ती जुडी आणतात आणि नसलेल्या पानाच्या जागी गुरुजी अक्षता वाहायला सांगतात. देवाची त्याबद्दल तक्रार नसते, भय्यासाहेबांची असते. वीस पानं ते कुठून कुठून ओरबाडून आणत. देवदार मात्र माळव्याच्या उन्हात कुठून मिळणार? तिथे अक्षता पडल्या की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

त्यांची सून अपर्णा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गावातल्या वनस्पती उद्यानात तिने बी पेरून देवदाराची रोपं केली होती. भर मे महिन्यात दुपारी स्कूटर काढून ती तिथे जायची, जाळीवर ओली पोती टाकायची. तरी सगळी रोपं जळाली, एक जगलं. एवढं मोठ्या कुंडीत गेलं की मी सुखाने झोपेन, असं ती म्हणायची.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिने मोठ्या हौसेने सासऱ्यांना आणि मला उद्यान दाखवायला नेलं. भय्यासाहेबांनी ते भाजीबाजार पाहावा तसं पाहिलं. बेलाशी थांबले, शमीशी थांबले, बाकी झाडांकडे ढुंकूनही बघितलं नाही. सून जीव तोडून सांगत होती आणि हे हात मागे बांधून "अच्छा, अच्छा" करत पुढे चालले होते. गाढवाला गुळाची चव काय! शेवटी जाळीखाली एक वीतभर काडी दिसली, टोकाला सुयांसारख्या पानांचा झुबका.

"बाबा, हा देवदार," अपर्णा म्हणाली.

भय्यासाहेब पहिल्यांदाच वाकले. "बस, इतना सा? जगेल का हा?"

"शेंडा शाबूत राहिला तर जगेल. सगळा जीव त्या शेंड्यातच आहे त्याचा."

ते पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागले. मला वाटलं, कंटाळले असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पूजेला इथल्या मराठी समाजाची बरीच मंडळी जमली होती. गुरुजी एकेक नाव घेत होते, पानं वाहिली जात होती. देवदाराचं नाव आलं आणि गुरुजींनी सवयीने अक्षतांच्या वाटीकडे बोट दाखवलं. भय्यासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, सावकाश उलगडला आणि तो हिरवा झुबका सगळ्यांना दिसेल असा वर धरून मूर्तीला वाहिला.

अपर्णा नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी होती. "बाबा, तो शेंडा आहे," ती म्हणाली.

"शेंडाच लागतो ना, बेटा. जून पान देवाला नाही चालत. आणि खालची काडी सोडली की मी. उखाडा थोड़ी है."

मला त्या माणसाची शिसारी आली. त्याच्या एकवीस पानांची आणि "वा वा" करणाऱ्या त्या मंडळींचीही.

मग आरतीचं तबक घेऊन ते उठले आणि सुनेपुढे गेले. "आज पहिली आरती अपर्णाची. हिच्यामुळे आपल्या घरात एकवीस पूर्ण झाली." सून असावी तर अशी, असं कुणीतरी म्हणालं. अपर्णाने ताट खाली ठेवलं, तबक घेतलं आणि आरती ओवाळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

भय्यासाहेबांनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाले, "देखा सुहासराव, किती भरून आलंय हिला."