गोदाक्काच्या नावाचे नियम

माझ्या मावशीच्या यजमानांनी जन्मात कधी चटणी विकली नाही. ते नियम विकत, आणि नियमांबरोबर कांदा-लसूण चटणीची पुडी देत, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. एखाद्या गावच्या दुकानदाराने कमिशनवर माल मागितला, की काका आधी त्याला खुर्चीवर बसवत, पाणी देत आणि मी टाइप केलेले दोन कागद त्याच्या हातात ठेवत. तो वाचेपर्यंत स्वतः उभे राहत. मी तेव्हा सांगलीत पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. सरकारी परिपत्रकं वाचून वाचून मन मेलेलं होतं, पण काकांच्या नियमांपुढे सरकार अगदीच ढिलं वाटायचं. चटणीचं नाव 'गोदाक्का'. दुकानाच्या पाटीवर हे नाव दुकानाच्या नावापेक्षा मोठं लिहू नये. सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर दाखवू नये. या नावाला 'स्पेशल', 'डीलक्स' अशी शेपटं जोडू नयेत. आणि सातवा नियम, जो ते मला दर वेळी नव्याने सांगून लिहायला लावत: एजंटाने आपल्या ओळखीवर नवं गिऱ्हाईक मिळवावं, पण जो माणूस नाव शोधत आपणहून निघाला आहे, त्याला वाटेत अडवू नये. "तो तिचा पाहुणा," काका म्हणायचे. "त्याला वेशीवर गाठून आपल्या घरी नेणं, याला धंदा म्हणत नाहीत."

'तिचा' म्हणजे माझ्या मावशीचा. गोदावरी तिचं नाव, माहेरची माणसं गोदाक्का म्हणायची. चटणी तिची, एजंट तिने जोडलेले, आणि ती होती तोवर नियम एकही नव्हता. ती गेली आणि महिन्याभरात काकांनी मला पहिला कागद टाइप करायला सांगितला.

काका एसटीत नेहमी खिडकीशी बसत, पण शेतं बघायला नाही, पाट्या वाचायला. एकदा आम्ही लग्नाला निघालो असताना कुंडलला एका किराणा दुकानावर त्यांना 'गोदाक्का' हातभर उंचीचं दिसलं. ते तिथेच उतरले. मग मलाही उतरावं लागलं. खिशातून त्यांनी पोलादी पट्टी काढली, दुकानदाराकडून स्टूल मागून घेतलं आणि भर उन्हात पाटीवरची अक्षरं मोजली. दुकानदार खालून स्टूल धरून उभा. "काका, अक्षर मोठं असलं तर तुमचाच फायदा न्हाई का?" त्याने विचारलं. काका वरूनच म्हणाले, "फायदा तुमचा मोठा करा. नाव बारीक ठेवा." लग्न लागून गेल्यावर आम्ही पोचलो.

शिराळ्याची गोष्ट तर याहून वरची. नागपंचमीच्या गर्दीत तिथल्या एजंटाने रिक्षावर कर्णा बांधला होता आणि तो 'गोदाक्का आली, गोदाक्का आली' असं ओरडत फिरत होता. काका छत्री सावरत रिक्षामागे धावले आणि चौकात तिला आडवे झाले.

"बाईमाणसाचं नाव असं रस्त्यात ओरडतात?" त्यांनी विचारलं.

"आवं काका, लय गर्दी हाय. हळू बोलून कुणाला ऐकू जायचं?"

"मग चटणीचं नाव घ्या. तिचं घेऊ नका."

"चटणीला दुसरं नाव हाय व्हय?"

काकांनी छत्री मिटली आणि रिक्षाला वाट दिली. परतीच्या एसटीत त्यांनी मला बारावा नियम सांगितला, तो कर्ण्यांबद्दल होता.

काकांच्या घरी फोन नव्हता. परवडत नव्हता असं नाही. त्यांना तो नको होता. "फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. कार्डावर उलट असतं," असं त्यांचं मत. साताऱ्याहून, वाईहून लोक पोस्टकार्ड टाकून माल मागवत, आणि ती कार्डं ते तारीखवार दोऱ्यात ओवून ठेवत. एका वर्षी तो दोरा वाढेनासा झाला. साताऱ्याची कार्डं थांबली, वाईची थांबली, आणि फलटणच्या एजंटाची मागणी मात्र दुप्पट झाली. काकांनी आठवडाभर विचार केला. मग सातारच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं, जोडकार्ड पाठवून सरळ विचारलं, की आमचं काही चुकलं का. उत्तर आलं: चुकलं काही नाही, डिरेक्टरीत आता गोदाक्काचा नंबर सापडतो, म्हणून फोनच करतो.

दुसऱ्या दिवशी मला रजा टाकायला लावून काका फलटणला निघाले. तिथले एजंट लष्करातून निवृत्त झालेले हवालदार होते. आमचा सगळ्यांत मोठा एजंट. त्यांनी टेलिफोनच्या डिरेक्टरीत 'गोदाक्का चटणी' अशी नोंद देऊन पुढे स्वतःच्या घरचा नंबर छापला होता. काकांनी पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. हवालदारांनी आमच्या नियमांचे कागद काढून त्याच्याशेजारी ठेवले.

"काका, हुकूम म्हंजी हुकूम. पर ह्यात डिरेक्टरीचं नाव कुठं हाय? म्या दोनदा वाचलं."

खरंच नव्हतं. पाटी होती, पडदा होता, कर्णा होता, डिरेक्टरी नव्हती. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी टाइप करताना ती ओळ गाळली.

"सातवा वाचा," ते म्हणाले. "डिरेक्टरीत जो तिचं नाव बघतो, तो तिला शोधत निघालेला असतो. तुम्ही त्याला वाटेत धरलंत."

"आन् नोंद न्हाई काढली तर?"

"तर आजपासून माल बंद."

हवालदार गेले तर सांगलीत चटणी कुटणाऱ्या चार बायकांना घरी बसावं लागलं असतं. हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेवढ्यात फोन वाजला. आतून हवालदारांच्या बायको आल्या आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

"व्हय, गोदाक्काच बोलतीया," त्या म्हणाल्या. "न्हाई वो ताई, तेल कडकडीत असताना चटणी टाकू नगा, करपती. आच बारीक करा, मग चटणी, आन् लगेच पानी."

फोन ठेवून त्या वळल्या आणि काकांना बघून जागीच थांबल्या. काका खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले होते.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"गोदाक्कांनीच. पैल्यांदा माल घिऊन आल्या तवा हितं चुलीपुढं बसून दावलं." मग पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "लोक इचारत्यात, गोदाक्का हायत का म्हणून. न्हाईत असं तोंडातनं निघत न्हाई, काका. पर मला बी अवघड वाटतं." आणि नवऱ्याकडे वळून, "काढा ते नाव. दुसऱ्याच्या नावानं किती दिस बोलायचं?"

हवालदारांनी बायकोकडे पाहिलं, मग काकांकडे. "काढतो," एवढंच म्हणाले. काकांनी त्यांच्याकडचा चहा घेतला, दुसऱ्यांदाही घेतला. पण नियम शिथिल केला नाही. परत येताना एसटीत त्यांनी एकही पाटी वाचली नाही.

पुढच्या छपाईत ती नोंद गेली. तिच्या जागी साताऱ्याच्या डिरेक्टरीत सांगलीचा नंबर आला, कारण काकांनी शेवटी फोन घेतला होता. फोनसाठी त्यांनी माझ्याकडून पाच नवे नियम टाइप करून घेतले. त्यातला पहिला: फोन उचलणाऱ्याने आपण गोदाक्का आहोत असं सांगू नये, भासवूही नये.

पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडची बाई एवढ्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं.

"गोदाक्का हायत का?"

बाईंनी पुन्हा विचारलं. काकांनी नियमांच्या कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "कामात आहे जरा. काय विचारायचंय ते मला सांगा, मी तिला सांगतो."

आणि कागद ओढून ते त्या बाईंचा निरोप लिहून घ्यायला लागले.