उरवलेल्या गोळ्या

आमच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. वडील चळवळीतले. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच पत्रकांवर. त्यामुळे शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात हिवताप पसरला तेव्हा मीही एक लिहिलं. निम्म्यात फवारणी न करणाऱ्यांना जाब विचारला, निम्म्यात लोकांना बजावलं : घरात पाणी साठवू नका.

नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. आई म्हणाली, "मंग पेवानं काय, तुनं पत्रक?"

गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी असलं काही सांगितलं नाही. त्यांनी टाकीत वाकून अळ्या पाहिल्या, पाणी संपलं त्या दिवशी टाकी घासायला लावली आणि टाकीच्या तोंडाला लुगड्याचं फडकं घट्ट बांधून दिलं. पुढे आईला थंडी वाजून ताप आला, तेव्हा बोटातून रक्त घेऊन तपासणीला त्यांनीच पाठवलं. हिवताप निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या आल्या.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आईने गोळ्या थांबवल्या. फेकल्या नाहीत. आमच्याकडे औषध फेकत नाहीत, ठेवतात. दोन दिवसांनी वहिनीला ताप भरला. तिला तिसरा महिना होता. आईने पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि मी पाण्याचा पेला आणला. हे लिहायला जड जातं.

तेवढ्यात आशाताई आईच्या गोळ्या मोजायला आल्या.

"अक्का, ह्या गोया उरन्या कशा?"

"मना ताप गया. आते सूनले कामले येतीन."

"तिले एक बी द्यानी नही. पोटमातल्या जीवले बाधतीस. आन तुम्हना ताप गया नही, लपेल शे."

त्यांनी पाकीट काढून घेतलं आणि वहिनीला लगेच दोंडाईच्याला नेलं. तिच्याही रक्तात हिवताप होता. डॉक्टरांनी गरोदरपणात चालणारं वेगळं औषध दिलं. आईच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने पुन्हा सुरू झाल्या, रोज आशाताईंसमोर.

"तोंड उघडा, अक्का."

"मास्तरीन शे का तू?" म्हणत आई तोंड उघडायची.

या कामाला सेवा म्हणून हार घालतात, पण नोकरी म्हणून मानत नाहीत. याची मला चीड आहे आणि ती राहणारच. पण आधी आभार.

वहिनीला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी तो आशाताईंना दिला. आईने पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.